पाटाच्या कडेची वाट

संपादकांना दिल्लीच्या गमतीजमती हव्या होत्या. फोनवर म्हणाले, "बँकेच्या मॅनेजरच्या खुर्चीतून उठून थेट लोकसभेत गेलात, केवढा मसाला असेल तुमच्याकडे." मी म्हणालो, मसाला नाही. आहे ते कडू आहे आणि दिवाळीच्या फराळात शोभणार नाही. ते म्हणाले, जे आहे ते लिहा. आता लिहितोय, तर छापायची हिंमतही त्यांनीच दाखवावी.

आधी बँकेचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझी खासदारकी कशी वाया गेली ते कळणार नाही. आमची तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँक, मी तिच्या एका शाखेचा मॅनेजर. गावातल्याच लोकांनी भागभांडवल घालून उभी केलेली, गावातलेच संचालक, गावातलेच कर्जदार. मोठ्या बँकेत साहेब कागद बघतो. आमच्याकडे माणूस बघायचा. कोण सकाळी दुकान किती वाजता उघडतो, कोणाची सासुरवाड कुठली, कोणाचा भाऊ त्याच्याशी बोलत नाही आणि का, हे मॅनेजरला माहीत असावं लागतं. कागद कोणीही करून आणतो हो. एकाने घोडा आणला होता. लग्नाच्या वरातीसाठी घोडा घ्यायचा म्हणून कर्ज पाहिजे, तारण काय, तर घोडाच. मी म्हणालो तारण बघावं लागेल, तर हा पठ्ठ्या इसार देऊन घोडा घेऊन दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात. शिपायाची तारांबळ, बायका हसतायत, घोडा आमच्या कुंडीतली तुळस खातोय. मी त्याला कर्ज दिलं. घोडा बघून नाही, तो माणूस घोड्याला पाणी कसं पाजतो ते बघून दिलं. त्याने एक हप्ता चुकवला नाही.

पण मॅनेजरचं खरं काम हो म्हणणं नाही. ते कोणालाही जमतं. खरं काम नाही म्हणणं. माझी पद्धत ठरलेली होती. समोर आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाही, आणि नाही म्हणून झाल्यावर चहा. चहा आधी पाजून नकार देणारे मॅनेजर मी पाहिलेत. माणूस कपातला शेवटचा घोट घेईपर्यंत आशेवर, आणि मग याचं तोंड वाकडं. ते मला पाप वाटायचं. मी तोंडावर नाही म्हणायचो, का नाही ते सांगायचो, आणि मग चहा पिता पिता तो माणूस दुसरं काय करू शकेल याचा विचार आम्ही दोघं मिळून करायचो. लोक चिडायचे, पण परत यायचे. बाजारात भेटले तर नमस्कार करायचे. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. तेवढंच काय ते उरलंय.

दुसरी माझी पद्धत नात्याची. बँकेचा नियम असा की मॅनेजरच्या नात्यातल्या माणसाचा अर्ज आला तर मॅनेजरने तो स्वतः मंजूर करायचा नाही, मुख्य कचेरीत पाठवायचा. नियम रास्तच आहे. पण मी तो आणखी कडक करून ठेवला होता. मी नुसता अर्ज पाठवायचो नाही, त्यावर शिफारसही करायचो नाही. एक शब्द लिहायचो नाही. मी बौद्ध वस्तीतून आलेला, आमच्या बँकेत त्या खुर्चीवर बसलेला आमच्यातला पहिला माणूस. माझ्या बोटावर शाईचा डाग पडायची वाट बघत किती डोळे बसलेत ते मला ठाऊक होतं. इतर मॅनेजरांनी मेव्हण्याला कर्ज दिलं तर ते नातं, मी दिलं असतं तर तो घोटाळा. म्हणून मी हात इतका वर ठेवला की आपल्या माणसाच्या खांद्यावरही पडू नये.

थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. आई लवकर गेली, अक्काने मला वाढवलं. लोकांच्या रानात खुरपायला जाऊन तिने माझ्या कॉलेजची फी भरली. तिचे यजमान, आमचे दाजी, दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. भाजीपाला मार्केटला न्यायचा. त्यांना स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता. अर्ज आमच्याच शाखेत आला, मी तो मुख्य कचेरीला धाडला, कोरा. तिथल्या साहेबांनी विचार केला की सख्ख्या दाजीसाठी मॅनेजर दोन ओळी लिहीत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी पाणी मुरतंय. अर्ज नामंजूर. दाजी शेवटपर्यंत दुसऱ्याचाच टेम्पो चालवत राहिले. मला कधी काही बोलले नाहीत. माझ्या घरी आले की चपला मात्र दाराबाहेर लांब काढायचे, साहेबाच्या केबिनबाहेर काढतात तशा.

आता ती वाट. आमचं गाव तालुक्यापासून जवळच. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि आमची मसणवट ओढ्याच्या काठाला. मध्ये रावसाहेबांचं रान. रावसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक, ऊस त्यांचा बारमाही उभा. पाटाच्या कडेने सरकारी पट्टी आहे, पाटबंधारे खात्याची. पूर्वी तिथून बैलगाडी जायची म्हणे. रावसाहेबांच्या वडलांनी ती नांगरून आपल्यात घेतली आणि ऊस लावला. त्यामुळे आमच्याकडे कोणी गेलं की तिरडी न्यायची कुठून हा प्रश्न. विचारून, विनवून, बांधाबांधाने. ऊस लहान असेल तर शिव्या खाऊन जाता यायचं, मोठा असेल तर तेही नाही.

आमचे वडील गेले तेव्हा मी बँकेत नुकता कारकून लागलो होतो. रावसाहेबांचे वडील बांधावर उभे राहिले. म्हणाले, उसाला पाणी सोडलंय, चिखलात माझं रान तुडवायचं नाही, पलीकडून जा. पलीकडून म्हणजे पाटातून. पाटाला आवर्तन चालू होतं. आम्ही माझ्या बापाला खांद्यावरून डोक्यावर घेतलं आणि छातीइतक्या पाण्यातून पलीकडे काढलं. मध्ये एकाचा पाय सटकला. तिरडी कलली आणि बापाचा हात बाहेर येऊन पाण्याला लागला. अक्का काठावरून बघत होती. ती ओरडली नाही, रडली नाही. ते बघितलेलं तिने कधी कोणाला सांगितलं नाही, पण ती ते विसरलीही नाही.

पुढे मतदारसंघ राखीव झाला. कारखान्याचे चेअरमन, जे आमच्या बँकेचेही सर्वेसर्वा होते आणि आमच्या भागात ज्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, ते उमेदवार शोधत होते. मी निवृत्तीला आलो होतो. त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणायला शिकलेला माणूस. दिल्लीत असाच माणूस पाहिजे." मला भरून आलं. इतक्या वर्षांत त्या बंगल्यावर मी सोफ्यावर पहिल्यांदा बसलो होतो. त्यांना काय म्हणायचं होतं ते फार उशिरा कळलं. मी लोकांना नाही म्हणावं आणि त्यांना हो म्हणावं, एवढीच अपेक्षा होती. जागा राखीव होती, सत्ता नव्हती. निवडून आलो. गुलालाने माखलेल्या अवस्थेत अक्काच्या पाया पडलो तेव्हा तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता तरी मोठा झालास का रे भानू?"

दिल्लीचं थोडक्यात सांगतो. तिथे मी लहान बँकांबद्दल बोलायला गेलो होतो. छोट्या गावातली बँक बुडते कशी, तगते कशी, मोठ्या बँकेचे नियम तिच्या गळ्यात बांधले तर काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. पाच वर्षांत मला त्यावर बोलायला एकदा वेळ मिळाला. मी घोड्याच्या गोष्टीपासून सुरुवात केली आणि मुद्द्यावर येईपर्यंत घंटा वाजली. बाकांवर जे चार लोक होते त्यातले दोघे मोबाईलवर. बाहेर आलो तर एका मोठ्या राज्याचे खासदार खांद्यावर हात टाकून म्हणाले, तुमच्याकडे शिर्डी येतं ना, घरच्यांना दर्शनाला पाठवायचंय, जरा बघा. हीच माझी दिल्लीतली ओळख. बँकिंगवाला कोणी म्हटलं नाही, शिर्डीवाले म्हणायचे. पाच वर्षं मी देशभरच्या खासदारांच्या सासवांना साईबाबांपर्यंत पोचवलं. कोणी परत येऊन प्रसादही दिला नाही.

खासदाराला एक निधी असतो, त्यातून तो आपल्या भागात कामं सुचवतो. रस्ता, खोली, पाण्याची टाकी. खासदार सुचवतो, कलेक्टर मंजूर करतो. शिवाय अडलेल्या कामासाठी खात्यांना पत्रं, फोन, बैठका. तिथे माझा बँकेतला हात उपयोगी पडला. मी गावोगाव जाऊन माणूस बघितला, काम बघितलं, आणि सुचवलं. इतर गावांच्या वस्त्यांमध्ये रस्ते केले, अभ्यासिका केल्या. एका गावात तर हुबेहूब आमच्यासारखीच अडचण होती. पाटाच्या कडेची सरकारी पट्टी एका पुढाऱ्याने लाटलेली. मी अधिकाऱ्यांना घेऊन जागेवर गेलो, मोजणी लावली, आणि दोन महिन्यांत मसणवटीपर्यंत मुरूम पडला. त्या वस्तीतल्या बायकांनी मला ओवाळलं.

ही बातमी अक्कापर्यंत गेली. दिवाळीला मी घरी होतो. ती आली, भिंतीला टेकून बसली. दाजी तेव्हा हयात नव्हते. दाजींनाही त्या रानातून नेताना बांधावर तासभर थांबवलं होतं, ते मी दिल्लीतून येईपर्यंत होऊन गेलं होतं. अक्का म्हणाली, "भानू, मला तुझं काय बी नगं. बंगला नगं, पैसा नगं. माझी मयत लोकाच्या रानातनं नेऊ नका. ती पाटाकडची वाट सरकारची हाय, तेवढी मोकळी कर."

मी तिला समजावून सांगायला लागलो. वस्ती आपली, घर आपलं, नातं आपलं. खासदार झाल्या झाल्या शेजाऱ्याच्या उसात रस्ता घातला असं म्हणायला लोक टपलेत. नात्यातलं काम मी स्वतःच्या हाताने करत नसतो, बँकेतही केलं नाही. मी ते दुसऱ्याकडून करून घेतो. असलं काहीतरी बोलत राहिलो. माझा आवाज चांगला होता, भाषणं करून कमावलेला.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नात्यातलं हाय म्हणून व्हत न्हाई व्हय? मग मी नातं तोडते. जा. मी तुझी कोन बी न्हाई. वस्तीतली एक म्हातारी हाय. आता कर."

मला हसू आलं. खरंच हसलो मी, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा. ती हसली नाही.

काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं म्हणजे मुख्य कचेरीत पाठवायचं. माझी मुख्य कचेरी म्हणजे चेअरमन. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, हे माझ्या घरचं काम आहे, मी हात लावणार नाही, तुम्ही करा. ते म्हणाले, करू की. त्यांनी पाठ थोपटली. रावसाहेब त्यांच्या कारखान्याचे संचालक, त्यांच्या पॅनेलचा खांब. चेअरमन त्या माणसाच्या उसात रस्ता घालतील, हे मला खरं वाटलं, याचं मला आज नवल वाटतं. अख्खं आयुष्य कर्जदाराच्या डोळ्यांत बघून माणूस ओळखणारा मी, आणि इथे माझी नजर कुठे गेली होती कोण जाणे. दर भेटीत विचारायचो. दर भेटीत "करू की". पुढे मी विचारणं बंद केलं, कारण मी विचारायला लागलो की त्यांचा चेहरा सावकाराच्या दारातल्या माणसाकडे बघतात तसा व्हायचा, आणि सावकार ते होते.

मग तो सत्काराचा कार्यक्रम झाला. तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. माझ्या चार वर्षांच्या कामाचा गौरव. फेटा, शाल, श्रीफळ, सगळा थाट. चेअरमन बोलायला उभे राहिले. म्हणाले, मी आयुष्यात पुष्कळ पुढारी बघितले, पण या माणसाने चार वर्षांत स्वतःच्या वस्तीला एक रुपया दिला नाही. एक रुपया नाही. असा निःस्पृह खासदार दुसरा दाखवा.

टाळ्या पडल्या. कडाडून. पुढच्या रांगेत रावसाहेब बसले होते, ते सगळ्यांत जोरात वाजवत होते. आमच्या वस्तीतली माणसं पाठीमागे, दाराजवळ उभी. त्यांना टेम्पोतून आणलं होतं, गर्दीला. अक्काही होती. माझ्या डोक्यावर फेटा, अंगावर शाल, आणि मी हात जोडून उभा. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायलाच पाहिजे. मला अभिमान वाटला. पुरा एक क्षण वाटला. आणि मग मी दाराकडे बघितलं तर आमची माणसं टाळ्या वाजवत नव्हती, आणि कोणी रागातही नव्हतं. ती नुसती बघत होती, एसटी चुकल्यावर माणसं रस्त्याकडे बघतात तशी. अक्का वळून बाहेर गेली. जेवणाला थांबली नाही.

दुसऱ्यांदा मला तिकीट मिळालं नाही. चेअरमननी पुन्हा बंगल्यावर बोलावलं, पुन्हा सोफ्यावर बसवलं. म्हणाले, लोकांत नाराजी आहे. मी विचारलं, कोणत्या लोकांत? ते म्हणाले, तुमच्याच वस्तीत. स्वतःच्या वस्तीचं काम केलं नाही म्हणतात. या माणसाने हे सरळ तोंडाने सांगितलं. मला वाटलं ते हसतील, पण नाही. त्यांनी चहा मागवला. मी न पिता उठलो, एवढीच काय ती माझी बंडखोरी.

मग मी वाटेच्या मागे लागलो. आता खासदार नव्हतो, त्यामुळे नातं आड येत नव्हतं. अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो, तलाठ्यापासून पाटबंधारे खात्यापर्यंत. माजी खासदाराला खुर्ची मिळते आणि चहा मिळतो. मोजणी मिळत नाही. एक तरुण अधिकारी मनापासून म्हणाला, "सर, तुमच्या काळात एक फोन केला असतात तर आठवड्यात झालं असतं." त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तो काय बोलतोय.

अक्का गेल्या हिवाळ्यात गेली. भाचा संजू, तिचा मुलगा, त्याने पहाटे फोन केला. मी वस्तीत पोचलो तेव्हा माणसं जमली होती. संजू म्हणाला की पाटाला पाणी आहे आणि ऊस डोक्याच्या वर गेलाय. मी पाहुण्यांना काय सांगणार होतो, अक्काला कुठून नेणार होतो, मला माहीत नव्हतं. तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

तेवढ्यात रावसाहेब आले. पांढरे कपडे, सोबत दोन गडी. वस्तीत त्यांना कधी कोणी आलेलं पाहिलं नव्हतं, माणसं आपोआप बाजूला झाली. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. म्हणाले, "साहेब, तुमच्या घरची मयत. सकाळपासनं चार गडी लावून पाटाकडचा ऊस काढलाय. वाट मोकळी हाय. काय अडचन येणार न्हाई."

मी बाहेर येऊन बघितलं. खरंच काढला होता. पाटाच्या कडेने गाडी जाईल एवढी रुंद वाट, ताजी कापलेली, बुडखे सुद्धा खुरपून काढलेले. ज्या वाटेसाठी माझी बहीण नातं तोडायला निघाली होती, ती त्या माणसाने एका सकाळीत करून दिली. मला वाटलं त्याच्या तोंडावर थुंकावं. आणि मी त्याला म्हणालो, "उपकार झाले." दोन्ही खरं होतं.

त्रिसरण झालं, आम्ही अक्काला उचललं. बायकाही निघाल्या, आमच्यात बायका येतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या पट्टीवर जन्मात पाय ठेवला नव्हता. ती इकडे तिकडे न बघता चालत होती, कोणीतरी मागून हाक मारेल अशी. अक्काला कोणी थांबवलं नाही. तिचा हात पाण्याला लागला नाही. तिचं मागणं पुरं झालं, पण ते तिच्या भावाने केलं नाही, आणि तिला ते कळलंही नाही.

चौथ्या दिवशी तिथे पुन्हा नांगर फिरला. उसाच्या नव्या लागणीचं बेणं पडलं.

महिना झाला असेल. वस्तीतले नामा तात्या गेले. आयुष्यभर बिगारी केलेला माणूस, आमच्या ना नात्यात ना गोत्यात. संजू सकाळी सकाळी माझ्या दारात. म्हणाला, वस्तीतल्या चौघांनी रावसाहेबांकडे जाऊन विचारलं, साहेबांच्या बहिणीच्या वेळी वाट दिली होती तशी द्या. रावसाहेब म्हणाले की ती साहेबांसाठी दिली होती, वस्तीसाठी नाही. साहेबांच्या नात्यातलं कोणी असेल तर जरूर सांगा. माणुसकी आम्हालाही कळते.

संजू उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "मामा, तुमी फोन करा. म्हना, आपला चुलता हुता."

नात्यातल्या माणसाला दुरून ओळख न दाखवण्यात मी माझी उमेद घालवली होती. सख्ख्या दाजीसाठी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आणि आता मला परक्या माणसाला नात्यातला म्हणायचं होतं, खोटं, एका बागायतदाराला, सरकारी जमिनीवरून मेलेला माणूस नेण्यासाठी. मी संजूला म्हणालो, असं खोटं नाही बोलता येणार मला. त्याने फक्त पायात चपला घातल्या आणि जायला वळला. तो वळला तेव्हा मागून हुबेहूब दाजी दिसला. मी त्याला हाक मारून थांबवलं आणि फोन उचलला.

"रावसाहेब, माझा चुलता वारला."

ते म्हणाले, "कवा?"

"पहाटे."

"बरं. लावतो गडी."

त्यांना माहीत होतं. गावात कोण कोणाचं काय लागतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण त्यांचं काही जात नव्हतं. ऊस कापायचा, माजी खासदाराला मिंधं करायचं, आणि पट्टी आपलीच ठेवायची. नामा तात्या त्या वाटेने गेले. मी पुढे चाललो, पुतण्यासारखा.

तेव्हापासून वस्तीत जो जातो तो माझा कोणीतरी लागतो. मावशी, आत्या, मामेभाऊ, साडू. मी फोन करतो, रावसाहेब गडी लावतात, चौथ्या दिवशी नांगर फिरतो. परवा म्हणाले, "साहेब, लई गोतावळा हाय तुमचा." मी म्हणालो, हाय. कचेरीत माझा अर्ज अजून पडून आहे, त्यावर मी दर महिन्याला जाऊन चहा पितो. नव्या खासदारांनाही भेटलो. तेही चेअरमनचेच. म्हणाले, करू की.

माझ्या छातीत दोन जाळ्या बसवल्यात. हल्ली वस्तीत गेलो की सगळे माझ्या तब्येतीची चौकशी करतात. खासदार होतो तेव्हा इतकं कोणी विचारलं नव्हतं. गोळ्या घेता का, मीठ कमी केलं का, जिना चढू नका. सुरुवातीला मला बरं वाटलं. वाटलं, माणसांनी मनातलं काढून टाकलं.

मागच्या आठवड्यात हौसाबाईंच्या ओट्यावर बसलो होतो. अक्काच्या बरोबरीच्या, तिच्यासोबत खुरपायला जायच्या. डोळ्यांना दिसत नाही आता. त्यांनी माझा हात चाचपला, मनगट धरलं, मला वाटलं आशीर्वाद देतायत. त्यांनी आवाज खाली आणला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "एवढं करा. माझ्या आदी जाऊ नका."